भजन थांबलं ती दुपार

पहिल्या खेपेला बाळ कळा सुरू होईपर्यंत पोटात हालत होतं, आणि जन्मलं ते निपचित. त्याचं काळीज कधी थांबलं, कोणालाच कळलं नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला मला कळांची नाही, पोटातल्या शांततेची धास्ती होती. देवीवरचा विश्वासही डळमळला होता. मागच्या वेळी तिला काय कमी आळवलं होतं?

आमचं गाव शहाद्याच्या अलीकडे. रस्त्यावर एसटी नुकतीच सुरू झाली होती. आमच्या घरची रीत अशी, की सुईण आत, बायका ओसरीवर, आणि मूल रडेपर्यंत देवीचं भजन खंडू द्यायचं नाही. सासूबाईंचे टाळ अर्ध्या गावाला ऐकू जायचे. त्या दुपारी फाट्यावर एसटी बंद पडली आणि उतारू पाणी प्यायला गावात आले. त्यांतल्या पांढऱ्या साडीतल्या एका बाईंनी भजन ऐकून चौकशी केली, आणि 'मी नर्स आहे' म्हणत त्या सरळ आत आल्या. पिशवीतून लाकडी नळी काढून एक तोंड माझ्या पोटावर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला. मग मान वर करून म्हणाल्या, "भजन थांबवा."

सासूबाई तणतणत दारात आल्या. "देवीनं नाव बंद करू? मूल रडस नई तोवर आम्ही थांबतस नई!"

"रागावू नका, आजी. बाळाच्या काळजाचे ठोके ऐकायचेत. कळ आली की ते मंदावतात, पण नंतर परत यायला हवेत. टाळांमुळे काही ऐकू येत नाही."

"अन् ऐकीसनी पोर वाची जाई का?"

"तसा शब्द देत नाही. पण घाई कधी करायची, ते कळेल."

सासूबाईंनी टाळ पदरात गुंडाळले. घर गप्प झालं आणि माझी भीती आणखीच वाढली. कळ ओसरली की बाई कान लावत. त्यांच्या कपाळावरची आठी गेली की मी श्वास घेई. एकदा ती आठी गेलीच नाही. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा नळी लावली. 'आई, तुला करायचं ते कर,' एवढंच मी मनात देवीला म्हटलं. त्यापुढे काही मागायचं त्राणच नव्हतं. फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला. बाई हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं पुटपुटल्या, "आले परत."

मुलगी झाली. गळ्याभोवतीची नाळ बाईंनी अलगद सोडवली. क्षणभर काहीच नाही, आणि मग तिनं टाहो फोडला.

"आता म्हणा भजन," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी टाळ उचलले, पण रडणाऱ्या लेकीकडे बघून परत खाली ठेवले. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "तीच म्हनी ऱ्हायनी."

एसटी निघून गेली होती. बाईंना बैलगाडीनं पोचवलं, नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांना देवीनं पाठवलं की भजनानं बोलावलं, हा वाद मी घालत नाही. लेकीचे ते ठोके मी स्वतः ऐकलेच नाहीत. दुसऱ्याच्या कानावर भिस्त ठेवून पडून राहिले, आणि तेवढंच माझ्या हातात होतं. सासूबाईंचे टाळ आता माझ्याकडे आहेत. भजनाआधी ते मांडीवर ठेवून मी थोडा वेळ गप्प बसते. न जाणो, कोणाला काही ऐकायचं असेल.