हळू आवाजातली भूपाळी

माझे धाकटे दीर, चारुदत्त भाऊजी, कलकत्त्याला एस्प्लनेडच्या एका कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा गिटारीत. पन्नास सालानंतरचे दिवस ते. काय दिवस होते हो! तिथे घरोघर विजेची हवाईयन गिटार शिरली होती. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर लोखंडी कांडी सरकवायची. मामंजींना तिचा भारी तिटकारा. "मांडीवर पोळपाट घेऊन बसल्यासारखा दिसतोस," म्हणायचे. भाऊजी हसून घ्यायचे, पण त्यांना लागायचं. मला दिसायचं ना!

मग मामंजी अंथरुणाला खिळले. सासूबाई आदल्याच वर्षी गेलेल्या. एका सकाळी मामंजी आपणहून म्हणाले, "चारू, तुझी आई म्हणायची ती भूपाळी येते का रे त्यावर?" भाऊजी धावतच गिटार घेऊन आले. पण आवाज जरा चढला की मामंजींचं डोकं ठणकायचं, आणि बटण फिरवून कमी केला की तारांची धार जायची, नुसतं घूं-घूं. "घोंगडी पांघरून वाजवतोयस का?" म्हणत मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं.

भाऊजींना चैन पडेना. डॉक्टरांनी आशा सोडलेली. उंच स्वर टिकावेत म्हणून चांदणी बाजारातून कंडेन्सर म्हणतात तो विजेचा चिमुकला भाग आणून त्यांनी गिटारीच्या बटणाला डाग देऊन बसवला, तर आवाज आणखीच बसला!

"अहो, होतं ते बरं होतं की," मी म्हटलं.

"वहिनी, गप्प बसा हो जरा!" कधी नव्हे ते खेकसले. मग स्वतःच कपाळाला हात लावला. कंडेन्सर अर्थिंगच्या तारेला जोडलेला, म्हणून उंच स्वर तिकडेच पळत होते. या खेपेला तो त्यांनी बटणात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या तारांच्या मध्ये जोडला. आता आवाज कमी केला तरी उंच स्वरांना बाजूने वाट मोकळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजवली. अगदी हळू, पण एकेक स्वर लख्ख. मामंजींनी मान वळवली. मध्येच हात वर केला. भाऊजी घाबरून थांबले.

"इथे दम घेत नसे ती," मामंजी म्हणाले. "ही ओळ म्हणतच मला उठवायला आत यायची. परत घे."

भाऊजींनी ओळ परत घेतली. दोघांचे डोळे वाहत होते, आणि मला मेलीला पदर पुरेना.

त्यानंतर रोज सकाळी भूपाळी झाली. मामंजी गेले तेही ती चालू असतानाच. भाऊजींनी ती शेवटपर्यंत वाजवली आणि मगच आम्हाला हाक मारली.