सभासदाची आई

शनिवारी आमची कचेरी अर्धा दिवस असे. मी एका सहकारी संस्थेत हिशेबनीस होतो. जेवण उरकून मी सायकलने नाशिकरोडच्या बाजूला फादरांच्या बंगल्यावर जायचो. ही सत्तरच्या दशकाच्या शेवटी-शेवटीची आणि पुढच्या पाच-सहा वर्षांची गोष्ट.

बंगला म्हणजे ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंचे घर. दहा-बारा जण तिथे राहत. सकाळी शिकवायचे, दुपारी वाचायचे आणि संध्याकाळी चिकूच्या झाडाखाली चहा घेत भांडायचे. देवाला सगळे आधीच ठाऊक असेल तर प्रार्थना कशासाठी, इथपासून देवळात हार्मोनियम चालते तर ढोलकी का नको, इथपर्यंत कुठलाही विषय त्यांना पुरे. कपबशा वाजायच्या, मुठी आपटल्या जायच्या. मग घंटा झाली की तेच लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चॅपेलकडे जायचे. इतकी शिकलेली माणसे इतक्या जोरात भांडून इतक्या लवकर गोड होताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. आमच्या संस्थेच्या संचालकांना तर मुळीच जमले नाही.

माझे काम वार्तापत्राचे होते. मराठीतून शिकवणारे, लिहिणारे, बायबलचे भाषांतर करणारे धर्मगुरू राज्यभर पांगलेले होते. त्या सगळ्यांचे मिळून एक मंडळ होते आणि त्याची लहान-मोठी अठरा घरे. त्यांच्यासाठी दर तीन महिन्यांनी चार पानांचा अंक निघे. कोण कुठे बदलून गेले, कोणाचे पुस्तक आले, कोण आजारी, कोण प्रभूच्या घरी गेले. मला मराठी टायपिंग येत होते म्हणून मी स्टेन्सिल कापायचो, म्हणजे सायक्लोस्टाइलच्या छपाईचा मेणकागद टाइप करायचो. ‘ठ’ आणि ‘ळ’ जरा जोरात मारले की त्यांचा मधला गोल तुटून पडायचा आणि छापताना तिथे शाईचा ठिपका उमटायचा. त्यामुळे ती दोन अक्षरे आली की माझे बोट आपोआप हलके पडे.

अंकाचे संपादक होते थोरले फादर. ते युरोपातून तरुणपणी आले, निफाड-येवल्याच्या खेड्यांत पंधरा वर्षे राहिले आणि मराठी तिथल्या शेतकऱ्यांकडून शिकले. लॅटिन आणि ग्रीक त्यांना मुखोद्गत होत्या, पण मराठी बोलताना ते ‘लय’ आणि ‘नाय’च म्हणत. पुण्याहून आलेला एखादा नवा विद्यार्थी हसला तर म्हणायचे, “हस बाबा. येशू बी खेड्यातलाच व्हता.”

त्या वर्षांत जगभर बरेच धर्मगुरू ब्रह्मचर्याचे व्रत सोडून संसारात गेले. अंकात त्याविषयी एक ओळही येत नसे. असा कोणताही नियम लिहिलेला नव्हता. मी एकदा विचारले, तर तो कधी ठरला हेही कोणाला सांगता येईना. पुढच्या अंकाच्या वेळी पत्त्यांच्या पट्ट्यांतून त्या माणसाची पट्टी काढून टाकायची, एवढेच. मरण पावलेल्याला अर्धे पान मिळे. लग्न केलेल्याला काहीच नाही.

आमच्या बंगल्यातले एक प्राध्यापक असेच गेले. थोरल्या फादरांचे ते आवडते विद्यार्थी, पुढे सहकारी. रोमहून रीतसर परवानगी घेतली आणि एका शाळेतल्या शिक्षिकेशी लग्न केले. मी स्वतः त्यांची पट्टी काढली. चहाच्या वेळी त्यांची खुर्ची महिनाभर रिकामी होती. मग कोणीतरी तिच्यावर पुस्तके ठेवायला लागले.

पुढे मी इंदिरानगरमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिथे काळी माती, बाभळी आणि लांब-लांब एकेक घर. पावसाळ्यात चपला हातात घेऊन यावे लागे. राहायला गेल्यावर कळले की दोन प्लॉट सोडून पलीकडे तेच प्राध्यापक राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत होते. त्यांना काय हाक मारायची, हा मला पहिला प्रश्न पडला. ‘फादर’ चालत नव्हते आणि नुसते नाव तोंडातून निघत नव्हते. शेवटी माझी बायको म्हणाली, “शिकवत होते ना? मग सर म्हणा.” तेच ठरले.

ते दर वेळी विचारायचे, “अंक निघाला का?” पट्टी नाही तर अंक द्यायचा कसा? मी थोरल्या फादरांनाच विचारले. सायक्लोस्टाइलवर पहिल्या पाच-सहा प्रती नेहमी पुसट येतात. त्या प्रतींकडे बोट दाखवून ते म्हणाले, “रद्दी तू कुणाला देतो, ते मी कधी इचारलंय का?”

तेव्हापासून सरांकडे पुसट अंक जाऊ लागला. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, “भाऊ, तुमच्या फादर लोकांच्या बातम्या वाचून ह्यांचा चष्म्याचा नंबर वाढला.” सर हसायचे, पण अंक उन्हात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

एका रविवारी संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

“आईचं काही खरं नाही,” म्हणाले. “पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.”

“तुमच्याकडे आणायची का?”

“येत नाही ती. तिला एकच विचारायचंय. माझ्या मिस्सा होणार का, म्हणते.”

या लोकांची एक जुनी रीत होती. सभासदाची आई किंवा वडील वारले की अंकात बातमी यायची आणि ती वाचून प्रत्येक सभासद त्या जिवासाठी एक मिस्सा, म्हणजे वेदीवरचा ख्रिस्तयाग, अर्पण करायचा. सरांची दीक्षा झाली त्या दिवशी गावच्या फादरांनी वेदीवरून हे सगळ्यांना सांगितले होते. म्हातारीने ते वर्षानुवर्षे गावभर सांगितले. येवल्याच्या पुढचे छोटे गाव, मजुरी करणारी विधवा बाई. तिच्याकडे अभिमान वाटावा अशी तेवढीच वस्तू होती. मुलाने लग्न केल्यावर पाण्यावर आलेल्या बायकांनी तिला ऐकवले, “आता तुझ्या मिस्सा बी गेल्या गं!” त्यानंतर ती देवळात पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर बसू लागली.

“मी मागणार नाही,” सर म्हणाले. “मागायचा हक्क मीच सोडला. पण तुम्ही विचारून बघा.”

पुढच्या शनिवारी मी चिकूच्या झाडाखाली विचारले. चहा तसाच राहिला.

रेक्टर फादर, म्हणजे बंगल्याचे प्रमुख, चर्चचा कायदा शिकवत. प्रत्येक शब्द तोलून बोलणारा माणूस. ते म्हणाले, “रीत सभासदांच्या आईवडिलांसाठी आहे. ते सभासद नाहीत. मग त्यांची आई सभासदाची आई कशी?”

“दीक्षेच्या दिवशी तर होती,” दुसरे एक म्हणाले. “दिलेलं वचन मागे घेता येतं का?”

सगळ्यांत तरुण प्राध्यापक पुढे सरसावले. “मुळात संख्येचा प्रश्नच येत नाही. एका मिस्सेचं मोल अनंत आहे. एक झाली काय आणि साठ झाल्या काय!”

“हे तू जाऊन तिला सांग,” थोरले फादर म्हणाले. “आन् परत येताना मला भेट. डोक्याला पट्टी बांधतो.”

सगळे हसले. रेक्टरही हसले. मग थोरले फादर कप खाली ठेवून म्हणाले, “लगीन पोरानं केलं. म्हातारीनं नाय केलं.”

पण त्या लोकांत एवढ्याने चर्चा संपत नसे. कुठल्याही प्रश्नाचा आधी इतिहास मांडायचा, मग दोन्ही बाजू, मग इतर घरांचे मत. रेक्टरांनी एकाला जुने ठराव बघायला सांगितले, दुसऱ्याला टिपण लिहायला. अठरा घरांना विचारणा गेली. पुण्याचे उत्तर आले, मनमाडचे आले, नगरचे अडकले. टिपण तयार झाले ते तळटिपांसह अकरा पानांचे. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रश्न त्यांनी मनापासून घेतला होता आणि मनापासून घेतलेल्या प्रश्नाला ते असाच वेळ देत. इकडे सर दर आठवड्याला गावी जाऊन येत होते. “काही कळलं का?” एवढेच विचारायचे. मी नाही म्हणून मान हलवायचो.

एका शनिवारी थोरल्या फादरांनी ते टिपण माझ्यासमोर वाचून संपवले. चष्मा काढला.

“हिशेबनीस, लय चांगलं लिवलंय. म्हातारी वाचंल का?”

“त्यांना वाचता येत नाही, फादर.”

“मग उद्या मिस्सा झाली की निघू. त्याला बी सांग.”

एसटी स्टँडवर गुरू-शिष्य कितीतरी वर्षांनी समोरासमोर आले. मला वाटले होते की अवघड होईल.

“जाड झालास,” थोरले फादर म्हणाले.

“तुम्ही वाळलात, फादर.”

“तुला बायको रांधून घालती. आमचा आचारी अजून तोच हाय.”

गाडी लासलगावमार्गे होती. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत तासभर अडकलो. ते दोघे पुढच्या सीटवर बसून एका नव्या भाषांतराबद्दल वाद घालत होते, जणू कालच चहावरून उठले असावेत.

म्हातारी अंगणात बाजेवर उन्हाला पडलेली होती. थोरल्या फादरांना पाहून पदर सावरू लागली.

“फादरबाबा, उठवत नाय. माफी करा.”

“पडून राहा, बाई. मी बसतो.” ते तिच्या उशाशी दगडावर टेकले. “तू इचारलं व्हतं ना? मिस्सा व्हनार.”

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिले. “खरं?”

“खरं. मी बोलतो म्हंजे व्हनार.”

“किती?”

त्यांनी माझ्याकडे बोट केले. “हा हिशेबाचा माणूस. ह्याला इचार.”

“मावशी, पूर्वी चौसष्ट सभासद होते,” मी म्हणालो. “आता एकसष्ट आहेत.”

“तीन कुठं गेले?”

“दोघे वारले.” तिसरा तिच्या पायाशी उभा होता.

तिला समजले. तिने मुलाकडे एकदा पाहिले. मग म्हणाली, “फादरबाबा, नुसतं माझं नाव छापू नका. मला तिकडं कोन वळखतंय? ह्याची आई म्हनून लिवा. ह्याचं नाव घालून.”

“आई, तसं करत नाहीत,” सर हळूच म्हणाले.

“मंग कसं करत्यात? पोराशिवाय कुनी आई व्हती का?”

थोरल्या फादरांनी ग्रीक-लॅटिनमध्ये आयुष्य घालवले होते. त्यांनी डोके खाजवले. “नाय व्हत,” म्हणाले. “लिवतो.”

परतीच्या गाडीत विंचूर आल्यावर थोरले फादर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “मी लय मोठं बोलून बसलो. रेक्टर काय म्हनंल?”

“तुम्ही संपादक आहात, फादर.”

“संपादक हाय. पोप नाय.”

त्यानंतर काही दिवसांतच ती गेली. त्या शनिवारी मी स्टेन्सिल कापले. तिचे नाव, तिचे गाव आणि ‘यांच्या मातोश्री’च्या आधी सरांचे पूर्ण नाव. इतक्या वर्षांनी ते नाव टाइप करताना मला ते नव्याने ऐकल्यासारखे वाटले. मशीनवर चढवणार इतक्यात रेक्टर फादर आत आले. त्यांनी स्टेन्सिल खिडकीच्या उजेडात धरले आणि एकेक ओळ वाचत खाली आले. एका ठिकाणी थांबले.

“हे नाव.”

“तिनंच सांगितलं,” थोरले फादर म्हणाले.

“रीत बदललेली नाही. घरांची उत्तरं अजून पुरती आलेली नाहीत.”

“रीत नाय बदलली. म्हातारी मेली.”

रेक्टर फादर उजेडात तसेच उभे राहिले. थोरल्या फादरांचा चेहरा शाळेत उभे केलेल्या मुलासारखा झाला होता. मी शाईच्या डब्याचे झाकण उगाच घट्ट करत राहिलो. तो कागद खाली आला तर स्टेन्सिलवरच्या चुका बुजवायच्या लाल औषधाच्या दोन थेंबांनी ती ओळ बुजवता आली असती. दहा मिनिटांचेही काम नव्हते.

“नावाआधी ‘फादर’ लावलेलं नाही ना?” त्यांनी मला विचारले.

“नाही, फादर.”

त्यांनी पुन्हा एकदा वाचून खात्री केली. मग स्टेन्सिल माझ्या हातात दिले. “छापा,” म्हणाले, “आणि त्यांच्या घरी एक प्रत पोस्टाने जाऊ दे.”

बंगल्यातल्या मिस्सेला सर, त्यांच्या पत्नी आणि लहान मुलगी आली. ती तिघे शेवटच्या बाकावर बसली. मी आणि माझी बायकोही त्यांच्याजवळ बसलो. वेदीवर थोरले फादर असतील असे मला वाटले होते, पण रेक्टर स्वतः आले. सुरुवातीलाच म्हणाले, “आज आपण आपल्या एका बंधूच्या आईसाठी हा ख्रिस्तयाग अर्पण करत आहोत.”

बंधू हा शब्द त्या घरात फक्त सभासदासाठी वापरत. सरांनी मान वर केली नाही. त्यांच्या पत्नीने मुलीला त्यांच्या मांडीवरून उचलून आपल्याकडे घेतले.

मिस्सेनंतर झाडाखाली चहा झाला. कोणी आईचे विचारले, कोणी कारखान्याचे. थोरले फादर मुलीला चिकू सोलून देत होते. तेवढ्यात तरुण प्राध्यापकांना राहवले नाही.

“रेक्टर फादर, एक शंका आहे. मघाशी तुम्ही ‘बंधू’ म्हणालात ते नेमकं कोणत्या अर्थानं? कायद्याच्या दृष्टीनं, की—”

“चहा निवतोय,” रेक्टर फादर म्हणाले. त्यांनी एका खुर्चीवरची पुस्तके उचलून खाली गवतावर ठेवली आणि सरांना म्हणाले, “बसा.”