पूजेचं मशीन

त्या मॅनेजरची आठवण निघाली की आजही माझं टाळकं सटकतं.

चाकणची कंपनी, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू झालं आणि नवं प्रेस मशीन सकाळपासून सारखं थांबायला लागलं. स्क्रीनवर 'संपर्क तुटला', एवढंच. मी बाहेरून दुरुस्तीला जायचो. दिघीहून गाडी हाणत पोचलो, तोवर निकाल लागलेला! मशीनवरच्या ऑपरेटर बाईंचा गेटपास मॅनेजरने काढून घेतला होता. "हिनंच सेटिंगमध्ये बोटं घातली. कंत्राटी माणसं अशीच!" तेही सगळ्या लाइनसमोर.

बाई लातूरकडच्या, काळेवाडीत राहणाऱ्या, घरात कमावणाऱ्या एकट्याच. कंत्राटी माणसाचा पास गेला की नोकरी गेली. गेटवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, मी नुसतं रीसेट दाबलंय, दुसरं काईच केलं नाई बघा." रडत नव्हत्या, संतापल्या होत्या.

केबल तपासली, जोड तपासले. सगळं ठीक. मग मी नवं मशीन पूर्ण बंद केलं आणि लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्यावर संदेश पाठवला. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर असतो, त्यालाच आम्ही पत्ता म्हणतो. बंद मशीनकडून उत्तर यायला नको. आलं की! म्हणजे त्याच पत्त्यावर दुसरं कोणीतरी बसलं होतं. एकाच नंबरची दोन घरं असल्यावर निरोप कधी इकडे जाणार, कधी तिकडे. मशीन थांबेल नाही तर काय!

केबल धरून शोधत शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेलो. तिथं जुनं, वापरातून काढलेलं प्रेस मशीन. त्याला झेंडूची सुकलेली माळ, आणि पॅनेलवर हिरवा दिवा चालू! खंडेनवमीला मशीन चालू करूनच पुजायचं, मग ते भंगारात निघालेलं का असेना, असा तिथला रिवाज. पूजा रीतसर झाली, बटण बंद करायचं राहिलं. सुट्टीत शेडची वीज बंद होती, ती परत आली आणि हेही जागं झालं. नव्याचा प्रोग्राम याच्यावरूनच उचललेला, पत्त्यासकट.

"हे चालू कोणी केलं?" मी फिटरला विचारलं.

"साहेबांनीच. नारळबी त्यांनीच फोडला."

पूजेचा मला राग नाही. माझ्या पान्ह्यांना मीही हळदकुंकू लावतो. राग आला तो सकाळी बाईंवर सुटलेल्या त्या तोंडाचा.

मॅनेजरला बोलावलं. जुन्याची केबल काढली, नवं चालू. केबल लावली, नवं बंद. "बघितलंत?"

"बरं, बोलवा तिला," ते म्हणाले. "उगाच विषय वाढवू नका."

विषय वाढवू नका! सकाळी कोणी वाढवला होता, राव?

मी गेटवरून बाईंना घेऊन आलो. त्या सरळ मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. "सकाळी सगळ्यांदेखत बोललात. आता सगळ्यांदेखत सांगा, माझी चूक नव्हती म्हणून."

मॅनेजर हसले. चक्क हसले! "अहो, पास देतोय ना परत?"

बाईंनी पासाला हात लावला नाही. डबा उचलला आणि चालू लागल्या. मी तिथंच ओरडलो, "चूक बाईंची नव्हती, साहेबांची होती!" लाइनवरच्या एकानंही मान वर केली नाही.

मॅनेजरने घड्याळ बघितलं, सुपरवायझरला म्हणाले, "दुसरी कोणीतरी उभी करा." आणि मशीन सुरू झालं.