राजदूतच्या पोटात येझदी

चौक गावात, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, मोतीबाईच्या चहाच्या टपरीला पाठ लावून नागू फिटरचं गॅरेज होतं. चार वासे, वर सहा पत्रे आणि आत शिव्या. गाडी ढकलत कुणी आला की नागू दरडावून विचारायचा, "काय झालं?" तो बिचारा सांगायला लागला की म्हणायचा, "तू गप. तुला नाय इचारलं, तिला इचारलं." तरी माणसं यायची, कारण नागूला गाडी खरंच उत्तर द्यायची.

फिटर हे त्याचं नाव गावानं चिडवायला ठेवलेलं. खोपोलीकडच्या एका कारखान्यात तो अकरा वर्षं होता, पण यंत्रं पुसायला. एकदा नुसत्या आवाजावरून त्यानं साहेबाला बिघाड सांगितला. साहेब म्हणाला, "तू पूस." चार दिवसांनी बिघाड तिथंच निघाला. त्यावर नागूनं तेलाचा बोळा साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि घरी आला. काहीजण म्हणतात, तोंडावर फेकला. मोतीबाई म्हणायची, तोंडात कोंबला. आणि मोतीबाई तर तिथं नव्हतीच.

त्यानंतर वीस वर्षं प्लग पुसणं आणि पंक्चर काढणं. सगळी यंत्रं दुसऱ्यांच्या डोक्यातून निघालेली, आणि नागू त्यांचा नुसता न्हावी. चौपन्न वर्षांचा झाला तसा त्याच्या तोंडाला जास्तच कडूपणा आला. मरण्याआधी एक तरी यंत्र आपल्या डोक्यातलं, आपल्या हातचं उभं राहिलेलं बघायचं, ही एकच गोष्ट त्याला हवी होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्याशी आपुलकीनं बोलायला कुणी धजलं असतं, आणि ते त्याला चालणारं नव्हतं.

मग चौऱ्याऐंशीच्या चैत्रात खालापूरकडच्या एका जत्रेत मोटारसायकलींची शर्यत लागली. भाताची शेतं सुकून टणक झालेली. त्यातून बांधांवरून उड्या मारत पलीकडं जायचं. जिंकला कुणी पोरगा बाहेरून आणलेल्या उंच, खवल्यांच्या टायरच्या गाडीवर. पण गावाला आठवण राहिली ती गोमा आणि सखा या दोन चुलत भावांची.

या दोघांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण जनीच्या, म्हणजे त्यांच्या चुलतबहिणीच्या, लग्नाची पत्रिका. तीत गोमाचं नाव वर आणि सखाचं खाली छापलं गेलं, आणि सखा बावीस दिवसांनी मोठा. त्या दिवसापासून दोघं समोरासमोर उभे असले तरी तिसऱ्याच्या तोंडून बोलायचे. शर्यतीत मात्र तिसरा नव्हता. गोमा आपल्या राजदूतवर, सखा आपल्या येझदीवर. जिंकणाऱ्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. गोमानं घाईत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलंच नव्हतं, त्याचं इंजिन चौथ्या बांधाला जाम झालं. ते बघून सखा मान वळवून हसला आणि हसता हसता पाचव्या बांधात घुसला. त्याची चेसिस अशी वाकली की पुढचं चाक मागच्याची विचारपूस करायला निघाल्यासारखं दिसत होतं.

लोक हसत होते. नागू हसला नाही. त्यानं एका बाजूला धडधाकट चेसिस बघितली, दुसऱ्या बाजूला जिवंत इंजिन, आणि बोटांनीच हवेत एकात दुसरं बसवून बघितलं.

घरी येऊन त्यानं जुन्या कॅलेंडरच्या मागं सुताराच्या पेन्सिलीनं बेत काढला. राजदूतची चेसिस, तिच्यात येझदीचं इंजिन. सायलेन्सर वरून, सीटखालून, म्हणजे दगड लागणार नाही. मागचं दातेरी चक्र मोठं, म्हणजे वेग कमी पण चढाला ताकद. मडगार्ड वीतभर उचललेलं, हँडल रुंद, दिवा काढून टाकलेला. चेसिसची खालची नळी कापायची आणि तिथं लोखंडी पट्ट्या लावून इंजिन बसवायचं. बायको धोंडूबाई म्हणाली, "अवं, ह्यो बकरा काडलाय का काय?" रागानं त्यानं दोन दिवस तिच्या जेवणाला नावंही ठेवली नाहीत. त्या घरात ही काही शिक्षा नव्हती. उलट तिनं सुटकेचा श्वास सोडला.

आता दोन भाऊ. नागू आधी गोमाकडं गेला. "गाडी तुझीच रं. त्याचं निस्तं इंजिन घ्यायचं. औताला बैल मागून आनत्यात तसं."

मग सखाला टपरीवर गाठून म्हणाला, "गाडीचा जीव तुझा. गोम्याच्या काय, नळ्या."

दोघंही खूश. पण गाडी गॅरेजात आणायला एकही तयार नाही. "आदी त्याची येऊ दे," गोमा म्हणाला. "आदी त्याची," सखा म्हणाला. नागूनं त्यांच्या घरी जाऊन मापं घ्यावीत, तर गोमाच्या अंगणात कुत्रं, आणि सखाच्या घरात सखाची बायको सोनुबाई. तिच्या चहाला नागू एकदा म्हशीचं धुवण म्हणाला होता. त्यानं कुत्रं पत्करलं असतं, पण एकाकडं जाऊन दुसऱ्याकडं न जाणं म्हणजे पुन्हा पत्रिका.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "मेल्यांनो, घरीच मोजा आनि माप सांगा."

आणि त्यांनी मोजलं. टेप कुणाकडं होती? विती टाकल्या, बोटं लावली. गोमानं टपरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "आपल्या चेसिसचं पोट दोन वीत आनि चार बोटं. त्याचं इंजिन आत पडून हरवंल म्हनावं." तासाभरानं सखा आला. "त्याला सांग, इंजिन दोन वीत आनि दोन बोटं हाय. त्याच्या नळ्यांना झेपतंय का बग म्हनावं." नागूनं दोन्ही मापं कॅलेंडरवर लिहिली, मधल्या फटीच्या मापानं पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, कानशीनं कडा घासल्या. आठ दिवस त्यानं गिऱ्हाइकाला शिवी दिली नाही. चौकात काळजी पसरली.

दोन्ही गाड्या, इंजिनं आधीच खोलून सुटी केलेल्या, एकाच वेळी, रस्त्याच्या दोन बाजूंनी, दोन बैलगाड्यांवर आल्या. कुणाची आधी उतरवायची यावर अर्धा तास गेला. उतरवल्यावर नागूनं सवयीनं चेसिसला मोजपट्टी लावली आणि त्याचा चेहरा उतरला. चेसिसचं पोट सांगितल्यापेक्षा दोन बोटं कमी. त्यानं गोमाकडं असं बघितलं की गोमा टपरीच्या पाटीवरचे चहाचे भाव वाचायला लागला.

"मोठं सांगितलंस?"

"वीत माझी जरा बारकी हाय," गोमा पुटपुटला.

"बारकी तुझी अक्कल हाय!" नागूनं पट्ट्या जमिनीवर आपटल्या. आठ दिवसांचं काम, वीस वर्षांची इच्छा, सगळं या माणसाच्या बढाईत गेलं. सखाला हसू आवरेना. नागू त्याच्याकडं वळला, आणि का कोण जाणे, त्यानं इंजिनालाही मोजपट्टी लावली. दोन बोटं कमी.

"तू पन?"

सखाचं हसू जागच्या जागी वाळलं.

नागू उकिडवा बसला. एकानं पोट दोन बोटं फुगवलं, दुसऱ्यानं इंजिन दोन बोटं फुगवलं. मधली फट होती तेवढीच. पट्ट्या बरोबर होत्या. "तीन वर्सं बोलत नाय आनि खोटं मात्र एका मापाचं," तो म्हणाला. "एका घरची घाण."

त्यानं करवत उचलली आणि चेसिसच्या खालच्या नळीवर खडूच्या दोन रेघा मारल्या.

"ह्ये काय?" गोमा पुढं आला. "कापनार?"

"मग इंजिन काय तुझ्या टाळूवर बसवू?"

"माजी गाडी कापायची न्हाय. त्याचं इंजिन कापा."

"त्याला सांग," सखा नागूला म्हणाला, "इंजिन कापत न्हाईत. आनि त्याला इचार, आरटीओच्या पुस्तकात नाव कुनाचं लागनार?"

"त्याला सांग, चेसिसचा नंबर माजा, पुस्तक माजं, गाडी माजी. फिटरच बोललाय, त्याचं निस्तं इंजिन, मागून आनलेल्या बैलावानी."

"बैल?" सखा नागूवर धावला. "मला काय बोल्लावतास? जीव तुझा, त्याच्या नळ्या?"

"नळ्या?" गोमा ओरडला.

मोतीबाईनं स्टोव्ह बंद केला, म्हणजे एक शब्द वाया जायला नको. दोघंही एकाच वेळी, गोमा चेसिसला आणि सखा इंजिनाला, हात घालून बैलगाड्यांकडं ओढू लागले. नागू तिथंच उकिडवा. कॅलेंडर वाऱ्यानं फडफडत होतं. आणखी दहा पावलं, आणि ही दोन भंगारं दोन अंगणांत कोंबड्या बसायला जाणार. मग नागू आणि प्लग.

कुणी काही बोलायच्या आत तो राजदूतवर झेपावला, गुडघ्यानं ती खाली दाबली आणि पहिल्या रेघेवर करवत चालवली. कर्रर्र असा आवाज रस्त्याच्या पलीकडं गेला. गोमा "अरं, अरं, अरं!" म्हणेपर्यंत नळी अर्धी गेली होती. ती तुटताच त्यानं दुसरी रेघ धरली.

"सख्या, धर रं त्याला!" गोमा किंचाळला.

"तू हात धर, मी मान धरतो!" सखा म्हणाला.

हे तीन वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं. टपरीवर सगळ्यांनी ते टिपलं. त्या दोघांना कळलंही नाही, कारण गोमा नागूचा दंड पिरगाळत होता आणि सखा त्याच्या मानगुटीवर बसला होता. नागूचा ओठ फुटला, पण करवत सुटली नाही. नळीचा तुकडा टणकन मातीत पडला.

"मारा," नागू खालून म्हणाला. "मारून झालं की इंजिन उचला. माझ्यानं एकट्यानं उचलवत नाय."

दोघांनी कापलेल्या चेसिसकडं बघितलं. आता ती घरी नेऊन काय उपयोग होता?

"हलकटा," गोमा नागूला म्हणाला.

"नीच माणूस," सखाही म्हणाला.

मग दोघं वाकले. "तुज्या बाजूनं खाली घे," सखा म्हणाला. "तू मला शिकवू नको," गोमा म्हणाला आणि खाली घेतलं. इंजिन नळ्यांमधून आत सरकलं. नागूनं मधल्या फटीत लोखंडी पट्टी लावली, रक्ताची थुंकी बाजूला टाकली आणि पहिला बोल्ट भोकात घातला. तो अडला नाही. दुसरा घातला, तोही गेला.

नागूनं पाना हातात घेतला आणि कपाळ इंजिनाच्या थंड पंखांना टेकवलं.

"आता काय झोपलास काय?" गोमा धापा टाकत म्हणाला. "हात तुटले आमचे."

"हलवू नका रं, मेल्यांनो!" नागू ओरडला. "जरा जरी हललं ना, दोगांनाबी ह्याच पान्यानं हानीन!"

आणि त्यानं नट पिळायला सुरुवात केली.