शेजाऱ्याची सही

स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीतली वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवते. शेजारच्या मुलीने मला जिन्यात गाठलं. "काका, पप्पा जबरदस्तीने माझं दुबईला लग्न लावतायत. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस येतील, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करू नका ना. तेवढाच पासपोर्ट अडकेल." मी म्हटलं, "बघतो." तासाभरात तिचे वडील हवालदाराला घेऊन आले. "सेक्रेटरीसाहेब, पोरगी फॉरेनला चालली, पेढा घ्या!" ती दारातून माझ्याकडे बघत होती. मी पेढा तोंडात टाकला, सही केली आणि कुणी मागितला नसताना सोसायटीचा शिक्काही मारला. ती दुबईला गेली, ती पुन्हा कधीच आली नाही. तिच्याबद्दल विचारणाऱ्यांना मी आजवर सांगत आलो, मला काहीच ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे तिने फक्त मलाच सांगितलं होतं.