हाराखालचं नाव

आज हुतात्मा दिन. गावच्या स्तंभाला हार घालायला गेलो, तर गेल्या वर्षीचा हार तसाच लटकत होता. फुलं कधीच झडली होती, उरला होता मळका दोरा. तो हार आम्हीच घातला होता. वर्षभर याच रस्त्यानं मोर्चे नेले, इतिहास विसरणाऱ्यांच्या नावानं बोंबललो, पण एकदाही इकडं मान वळवली नाही.

"त्याच्यावरच घाल, जुना फोटोत दिसत नाही," एक कार्यकर्ता म्हणाला. मी घातलाही.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. "पोरांनो, हार जरा सरकवा की. माझ्या बापाचं नाव झाकलंय."

"आजी, आधी फोटो होऊ द्या."

"होऊ द्या बाबा. गोऱ्यांनी त्याला एकदाच मारला. तुम्ही दरसाल फुलात पुरता."

तारीख पाळणं सोपं, ती वर्षातून एकदाच येते. नाव मात्र रोज तिथंच उन्हात उभं असतं.

मी दोन्ही हार उतरवले. आजींनी पदरानं अक्षरं पुसली. मागं सगळे माझ्या घोषणेची वाट बघत होते. मी कर्णा तोंडाशी नेला, मग खाली घेऊन पुन्हा अक्षरांकडं वळलो. ते नाव मी आज पहिल्यांदाच वाचत होतो.