आधी चिन्नीला विचारा

बंगळूरजवळच्या येलहंक्यात त्या काळी, म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ साली, कुणाला कळा सुरू झाल्या की पहिली हाक चंद्राअक्कांना जायची. चंद्राबाई सुईण. निम्म्या पेठेतली पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, स्वतःची कूस तेवढी रिकामी. त्यांचा सगळा जीव तीन कुत्र्यांवर. त्यातला सरदार थोरला. डोळे उघडायच्या आत आईवेगळा झालेला, अक्कांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलेला. दुसरी पिटकी, तिला खाण्यापलीकडे जगाशी देणंघेणं नव्हतं. तिसरी चिन्नी, आणि ती आता व्याली होती.

अक्कांचा एक नेम होता. बाळंतपण झालं की घरातलं थोरलं लेकरू आत आणायचं आणि बाळाशेजारी बसवायचं, म्हणजे त्याच्या मनात आढी राहत नाही. या नेमाचा त्यांना भारी अभिमान. चिन्नीला नाचणीची पेज पाजली आणि त्या लगेच सरदारला घेऊन आल्या.

"अगं, आज राहू दे," त्यांचे यजमान येसाजी म्हणाले.

"तुम्ही किती बाळंतपणं केलीत?"

झालं, येसाजी बाजूला सरले! चिन्नी गुरगुरली. "असं करू नये, थोरला आहे तो," असं म्हणत अक्कांनी सरदारला पुढं ओढला. मग काय विचारता! चिन्नी अशी तुटून पडली की सरदारचा कान फाटला, अक्कांच्या मनगटात दात रुतले आणि एक पिल्लू पायाखाली येऊन किंचाळलं. वाचलं, नशीब त्याचं.

"ही दोघं आता एका घरात नांदायची नाहीत," हळद लावता लावता येसाजी म्हणाले. "यशवंतपूरच्या वखारीत देवाप्पाला राखणीला कुत्रा हवाय. महिनाअखेरीला तो गाडी घेऊन येईल. सरदारला देऊन टाकू."

चूक अक्कांची आणि घर सुटणार सरदारचं! त्या रडल्या, पण हातपाय गाळून बसल्या नाहीत. चिन्नीच्या दाराला आडवी फळी लावली. ती अंगणात निघाली की बाकीची दोघं परसात कोंडायची. जेवण वेगवेगळं, आणि पहिला घास सरदारला. वासाची सवय व्हावी म्हणून पिल्लांखालचं फडकं रोज सरदारच्या गोणपाटावर टाकायचं. सुरुवातीला तो त्याच्याकडं पाठ फिरवून बसे, मग त्याच्यावरच मान टाकून झोपू लागला. हळूहळू अक्का त्याला फळीच्या दिशेनं थोडं थोडं पुढं नेऊ लागल्या. चिन्नी गुरगुरली की लगेच मागं. "सरी, बरं बाई, तुझंच खरं," असं म्हणायच्या.

महिना संपला. देवाप्पा दोरी घेऊन अंगणात उभा राहिला. अक्कांनी सरदारच्या गळ्याला हात घातला, पण दोरी काही बांधवेना. तेवढ्यात एक पिल्लू फळीवरून धपकन बाहेर पडलं आणि लटपटत थेट सरदारकडं निघालं. फळीआड चिन्नी ताडकन उठली.

सरदारनं तोंड दुसरीकडं वळवलं आणि तो जमिनीला चिकटून पडून राहिला. चिन्नी फळी ओलांडून आली. त्याचा फाटका कान तिनं हुंगला, एकदा चाटला आणि पिल्लू तिथंच सोडून ती पाणी प्यायला गेली.

"बघितलंत?" अक्कांनी येसाजींचा हात धरला. "सोडून गेली हो त्याच्यापाशी!"

येसाजींनी देवाप्पाच्या हातातली दोरी काढून घेतली. "स्वल्प थांब, देवाप्पा. पिल्लं दूध सोडू देत. त्यातलं एक ने."

पुढं लवकरच पेठेतल्या रत्नाबाईंना दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. सासूबाई थोरल्या वीणाला हाताला धरून आत निघाल्या, अक्कांनीच शिकवल्याप्रमाणे. अक्का दारात आडव्या झाल्या.

"थांबा. आधी बाळंतिणीला विचारा."

सासूबाई वीणाचा हात धरून तिथंच थांबल्या. इतक्या वर्षांत हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. आतून रत्नाबाईंचा दमलेला आवाज आला, "अक्का, मला स्वल्प झोपू द्या हो."

अक्कांनी वीणाला कडेवर घेतलं आणि अंगणात नेऊन पहिला घास तिला भरवला.